कमिटी, एकर आणि चेक : अमेरिकेतल्या काउंटी कचेरीची नव्वद वर्षे

अमेरिकेतल्या शेतकऱ्याची सरकारशी गाठ पडते ती वॉशिंग्टनमध्ये नव्हे. राज्याच्या राजधानीतही नव्हे. ती पडते काउंटीच्या गावी, हमरस्त्याच्या कडेला असलेल्या एखाद्या बैठ्या इमारतीत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. दारावर 'यूएसडीए सर्व्हिस सेंटर' अशी पाटी असते आणि आत फार्म सर्व्हिस एजन्सीची टेबले. अशा 2,100 हून अधिक कचेऱ्या देशभर आहेत. उन्हाळी पिकांची पेरणी उरकली की बहुतेक ठिकाणी 15 जुलैच्या आत इथे येऊन 578 नंबरचा फॉर्म भरायचा असतो. कुठल्या तुकड्यात काय पेरले, किती एकर, जमीन स्वतःची की खंडाने घेतलेली, पिकात कुणाचा किती वाटा, हे सगळे त्यात येते. आपल्याकडचा पीकपेराच म्हणा ना. मात्र इथे नोंद चुकली तर नुसते उताऱ्यावर 'पड' लागून भागत नाही. वर्षअखेरचा चेक अडकतो.

या कचेरीवर एक कमिटी असते. काउंटीतलेच 3 ते 11 शेतकरी, शेतकऱ्यांनीच टपालाने मते देऊन तीन वर्षांसाठी निवडलेले. कचेरीचा व्यवस्थापक तेच नेमतात. पैसा केंद्राच्या तिजोरीतला, नियम केंद्राचे, पण पात्र कोण, कुणाचा उतारा किती धरायचा, कोण खरोखर शेती करतो आणि कोण कागदावर, हे ठरवायला बसणार शेजारी. आपल्याकडे असा प्रयोग कुणी सुचवला तर हसतील. तिथे तो 1933 पासून चालू आहे, आणि त्यातून भले आणि बुरे दोन्ही एकाच टेबलावर घडत आले.

1919 च्या सुमारास पौंडाला 35 सेंट मिळवून देणारा कापूस 1932 साली साडेसहा सेंटांवर येऊन पडला होता. आयोवात मक्याला एवढाही भाव उरला नव्हता की कोळसा विकत घ्यावा. लोक शेगडीत मकाच जाळत होते. 12 मे 1933 रोजी रूझवेल्टनी शेती समायोजन कायद्यावर सही केली. कृषिमंत्री हेन्री वॉलेस स्वतः आयोवाचे, संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढलेले. योजना सोपी होती : पेरा कमी करा, म्हणजे भाव चढेल, जो कमी करील त्याला सरकार पैसे देईल, आणि तो पैसा गिरण्यांवर कर लावून उभा करील. अडचण एवढीच की मे महिन्यात कायदा झाला तेव्हा दक्षिणेत कापूस उगवून वर आला होता. मग उभे पीक नांगरायचे ठरले. त्या उन्हाळ्यात सुमारे 10 लाख करार झाले आणि 1 कोटी एकरांच्या आसपास कापूस मातीत गेला. जन्मभर ओळीतल्या रोपावर पाय पडू द्यायचा नाही असे शिकवलेली खेचरे रोपांवरून चालायला तयार होईनात, असे तेव्हापासून सांगतात. त्याच वर्षी सुमारे 60 लाख डुकरे, बहुतेक पिल्लेच, सरकारने विकत घेऊन मारली. लोक रांगा लावून पावासाठी उभे असताना हे चालले होते. वॉलेस यांना त्याबद्दल जन्मभर बोल ऐकून घ्यावे लागले.

हे लाखो करार करून घ्यायला केंद्राकडे माणसे कुठे होती? काउंटीत विस्तार खात्याचा एक एजंट असायचा. त्याने गावातले मातब्बर शेतकरी जमवले, त्यांनाच कमिटी म्हटले आणि फॉर्म वाटायला लावले. कोण किती एकर नांगरणार, त्याचे पीक किती आले असते, याचा अंदाज हीच मंडळी बांधत. महिन्या-दोन महिन्यांत काम उरकले; कुठल्याही नोकरशाहीला हे इतक्या लवकर जमले नसते. पण मातब्बर म्हणजे जमीनदार, आणि कापसाच्या मुलखात राबणारा होता वाटेकरी. 1934-35 च्या करारात पौंडामागे साडेचार सेंट देणे ठरले. त्यात साडेतीन सेंट पड ठेवलेल्या जमिनीचे भाडे, ते मालकाचे. उरलेला एक सेंट मालक आणि वाटेकरी यांच्यात निम्मा-निम्मा. म्हणजे मालकाला चार, वाटेकऱ्याला अर्धा, आणि तो अर्धासुद्धा मालकाच्या हातून, दुकानाची उधारी वजा जाता. पेरा कमी झाला तशी हातांची गरजही कमी झाली. मालकांनी कुटुंबेच्या कुटुंबे खोपटांतून बाहेर काढली.

मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, अर्कान्सॉच्या पॉइनसेट काउंटीत टायरोंझा नावाचे गाव आहे. तिथे जुलै 1934 मध्ये 11 गोरे आणि 7 काळे अशा अठरा जणांनी एकत्र बसून सदर्न टेनंट फार्मर्स युनियन काढली. त्या काळी त्या मुलखात गोरे-काळे एका संघटनेत बसणे हेच बंड होते. त्यांची तक्रार वॉशिंग्टनपर्यंत पोचली. ही योजना राबवणाऱ्या शेती प्रशासनातल्या जेरोम फ्रँक यांच्या कायदेविभागाने अर्थ लावला की कराराप्रमाणे मालकाला जुनेच वाटेकरी ठेवावे लागतील. फेब्रुवारी 1935 मध्ये फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी नोकरीतून गेले. वॉलेस यांनी मान डोलावली होती. दक्षिणेतल्या सिनेटरांच्या मतांवाचून कायदे होत नव्हते.

नदीच्या पूर्वेला मिसिसिपी डेल्टात डेल्टा अँड पाइन लँड या कंपनीचा प्रचंड मळा होता. मालकी मँचेस्टरच्या सूतगिरणीवाल्यांची. मळ्याचे प्रमुख ऑस्कर जॉन्स्टन हेच काही काळ शेती प्रशासनाचे वित्त संचालक आणि सरकारी कापूस साठ्याचे व्यवस्थापकही होते. 1936 मध्ये सिनेटर व्हँडेनबर्ग यांनी मोठ्या रकमा कुणाला गेल्या त्याची यादी मागितली, तेव्हा लाखाहून जास्त डॉलर घेणाऱ्या या कंपनीचे नाव वर आले. ब्रिटिश भागधारकांच्या मळ्याला अमेरिकी शेतकऱ्याच्या नावाने पैसा! (आपल्या वाचकांनी हे नाव ऐकलेले असण्याचा संभव आहे : 1998 मध्ये भारतात ज्या 'टर्मिनेटर' बियाण्यावरून गदारोळ झाला, त्याचे पेटंट हीच कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांचे संयुक्त होते.)

जानेवारी 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गिरणी-कर आणि त्यासोबत योजनाच घटनाबाह्य ठरवली. दोन महिन्यांच्या आत सरकारने 'मृदसंधारण' हा शब्द घालून पैसा पुन्हा सुरू केला आणि 1938 मध्ये नवा कायदा केला. कमिटी मात्र राहिली, उलट आता तिला कायद्याने पक्के स्थान मिळाले.

या काळातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट मोजणीची. पैसे एकरावर, तेव्हा एकर मोजलेच पाहिजेत. आधी साखळ्या घेऊन माणसे शेतात उतरत. मग विमानांनी काउंट्यांच्या काउंट्या वरून टिपल्या. कचेरीत त्या फोटोंचे मोठे तक्ते असत. इंचाला 660 फूट हे नेहमीचे प्रमाण. हिशेब सुटसुटीत : फोटोवरचा एक चौरस इंच म्हणजे बरोबर 10 एकर. कारकून फोटोवर शेताच्या कडेने प्लॅनिमीटरचे टोक फिरवी आणि चाकावर क्षेत्रफळ वाची. शेतकरी समोर उभा. ओढ्याकाठची झाडी वजा करायची की नाही, बांधाची पट्टी कुणाच्या पदरात, यावर बोलाचाली होत. आजही प्रत्येक शेताला फार्म नंबर आणि आतल्या प्रत्येक पट्ट्याला ट्रॅक्ट नंबर आहे. फोटो संगणकावर आले आहेत एवढेच. सरकारी अनुदानापोटी का होईना, अमेरिकेच्या लागवडीखालच्या बहुतेक जमिनीचे तीसच्या दशकातले चित्र जपले गेले, आणि आज नदीचा प्रवाह किंवा जंगलाची हद्द शोधणारे लोक तेच तक्ते काढून बघतात.

खात्याचे नाव अधूनमधून बदलत राहिले. 1945 ला प्रॉडक्शन अँड मार्केटिंग, 1953 ला कमोडिटी स्टॅबिलायझेशन, 1961 ला एएससीएस, 1995 पासून फार्म सर्व्हिस एजन्सी. जुने शेतकरी अजून 'एएससीएसला जाऊन येतो' म्हणतात.

चेकचा पैसा ज्या खिशातून येतो तो खिसाही 1933 चाच : कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन. सुरुवातीला ही संस्था मक्यावर बुशेलला 45 सेंट आणि कापसावर पौंडाला 10 सेंट कर्ज देई. भाव चढला तर शेतकरी माल सोडवून विकी. नाही चढला तर माल सरकारला देऊन मोकळा होई, कर्ज फिटले. व्यवहारात हा हमीभावच. पन्नासच्या दशकापर्यंत सरकारच्या कोठारांत धान्य इतके साचले की ते ठेवायचे कुठे हा प्रश्न झाला. 1954 च्या पीएल-480 कायद्याने ते परदेशी रुपयांत, पेसोंत विकायची वाट निघाली. आपल्या रेशनच्या दुकानात साठच्या दशकात आलेला अमेरिकन गहू आणि ती तांबडी मिलो ज्वारी याच कोठारांतली. ज्यांनी त्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या ते ती चव विसरलेले नाहीत. पण त्यामागे कॅन्ससच्या एखाद्या काउंटी कचेरीतले कर्जखाते होते हे कुणाला ठाऊक असणार?

अनुदान जमिनीला चिकटलेले असले की जमिनीपेक्षा तेच विकाऊ होते. कापूस किती एकरांवर लावायचा याचा परवाना, 'अलॉटमेंट', ठरावीक जमिनीला असे. आणि ज्याची जमीन सरकारने रस्त्यासाठी किंवा धरणासाठी घेतली त्याला तो दुसऱ्या जमिनीवर नेता येई. टेक्सासच्या पेकॉस गावच्या बिली सोल एस्टेस याने ही फट हेरली. अशा शेतकऱ्यांना त्याने आपली जमीन हप्त्याने विकली, त्यांचे परवाने त्या जमिनीवर आणवले, जमीन लगेच भाड्याने परत घेतली आणि पहिला हप्ता थकताच जप्तही केली. जमीन त्याचीच राहिली, परवानाही त्याच्याकडे आला. या व्यवहारांची चौकशी खात्याचे टेक्सासमधले अधिकारी हेन्री मार्शल करत होते. जून 1961 मध्ये ते रॉबर्टसन काउंटीतल्या आपल्या शेतावर मृत सापडले. अंगावर पाच गोळ्या होत्या, बाजूला खटका ओढून प्रत्येक गोळी नव्याने भरावी लागणारी .22 ची बंदूक. स्थानिक अधिकाऱ्याने आत्महत्या म्हणून नोंद केली! ती नोंद बदलून खून अशी व्हायला 1985 उजाडले. एस्टेस तुरुंगात गेला तो इतर फसवणुकींसाठी.

मिसिसिपीची सनफ्लॉवर काउंटी. सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा पाच हजारांहून अधिक एकरांचा मळा इथे, डॉड्सव्हिल गावाशी. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मळ्याला वर्षाला लाखाहून अधिक डॉलर सरकारी पैसा मिळत होता, आणि सिनेटच्या शेती समितीत ते स्वतः बसत होते. त्याच काउंटीत रूलव्हिलला फॅनी लू हेमर राहत. कापूस वेचणाऱ्या घरातल्या, मळ्यावर हजेरी ठेवणाऱ्या. 1962 मध्ये मतदार म्हणून नाव घालायला गेल्या म्हणून मळ्यावरून काढलेल्या. पुढे 1969 मध्ये त्यांनी 40 एकरांवर फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. ईस्टलंडना मिळणाऱ्या पैशावर त्या भाषणांतून जाहीर बोलत.

या गवगव्यामुळे 1970 च्या कायद्याने पहिल्यांदा मर्यादा घातली : माणशी एका पिकाला 55,000 डॉलर. 'माणशी' म्हटल्याबरोबर माणसे वाढली. नवरा, बायको, मुलगा, ट्रस्ट, कंपनी, त्या कंपनीत भागीदार असलेली दुसरी कंपनी. मालकी कागदावर मांडली की वर एक टोक आणि खाली पसरत गेलेल्या फांद्या. या आकृतीला लोक 'मिसिसिपी ख्रिसमस ट्री' म्हणू लागले. ते तोडायला 1987 मध्ये कायदा झाला : एका माणसाला जास्तीत जास्त तीन ठिकाणांहून पैसा. त्याच कायद्यात 'सक्रियपणे शेती करणारा' कोण ही व्याख्या आली, आणि व्यवस्थापन केले की श्रमच केले हे तपासायचे काम पुन्हा काउंटी कमिटीकडे. 2018 च्या कायद्याने कुटुंबाच्या शेतीत चुलत-मामे भावंडे, पुतणे, भाचेही धरले. झाड पुन्हा पालवले.

कमिटीची सर्वांत काळी बाजू अजून सांगायची आहे. 1965 मध्ये नागरी हक्क आयोगाने अहवाल दिला तेव्हा दक्षिणेतल्या काउंटी कमिट्यांवर कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ नव्हताच. विद्यार्थी चळवळीतल्या एसएनसीसीच्या कार्यकर्त्यांनी 1964-65 मध्ये मिसिसिपी-अलाबामात या कमिट्यांच्या निवडणुका लढवल्या, कारण गव्हर्नरपेक्षा या तीन-चार माणसांच्या हाती शेतकऱ्याचे वर्ष अधिक असते हे त्यांना कळले होते. थोड्या जागा मिळाल्या. बाकी ठिकाणी मारहाण, धमक्या, आणि मते फुटावीत म्हणून काळ्या उमेदवारांची नावे न विचारता भरणे असे प्रकार झाले.

छळ फारसा आरडाओरडा न करता चाले. कर्जाचा अर्ज टेबलावर पडून राहायचा, मंजूर व्हायचा तो पेरणी उलटल्यावर. 1983 मध्ये कृषी खात्यातली नागरी हक्कांची कचेरीच बंद पडली आणि तक्रारी धूळ खात राहिल्या. नॉर्थ कॅरोलिनाचे टिमथी पिगफर्ड आणि इतर शेतकऱ्यांनी 1997 मध्ये दावा लावला. 1999 च्या समझोत्यात सोप्या मार्गाने दावा सिद्ध करणाऱ्याला 50,000 डॉलर ठरले. एकूण रक्कम 1 अब्जाच्या पलीकडे गेली. मुदत चुकलेल्यांसाठी 2010 मध्ये आणखी 1.25 अब्ज. 1920 च्या जनगणनेत काळ्या शेतकऱ्यांची सुमारे 9 लाख 25 हजार शेते होती. 1997 पर्यंत ती 20 हजारांच्या आत आली. सगळा दोष कमिट्यांचा नव्हे. यंत्रे आली, लोक उत्तरेला गेले, वारसाहक्काच्या भानगडी झाल्या. पण जमीन हातातून जायच्या वेळी ज्या टेबलावर मदत मिळायची तिथे कोण बसले होते, याचे उत्तर न्यायालयाने नोंदवून ठेवले.

मधली काही दशके भराभर ओलांडता येतील. 1973 ला 'लक्ष्य भाव' आणि तुटीची भरपाई आली. 1983 ला पैशाऐवजी कोठारातले धान्यच देऊन सुमारे 8 कोटी एकर पड ठेवले. 1985 ला धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षे गवताखाली ठेवायचा करार आला, तो आजही चालू आहे आणि माझ्या मते या सगळ्यांतली सर्वांत शहाणी योजना तीच. 1996 मध्ये काँग्रेसने ठरवले की सात वर्षांत अनुदान हळूहळू संपवायचे. 1998 ला भाव कोसळले, तातडीची मदत सुरू झाली आणि 2000 साली थेट सरकारी देणी 20 अब्ज डॉलरच्या वर गेली. संपवायच्या योजनेतून एवढे निघाले.

पण 1996 ने एक बदल केला तो टिकला : पैसा आताच्या पिकाशी नव्हे, जमिनीच्या जुन्या 'बेस' एकरांशी जोडला. काय पेरता, पेरता की नाही, हा प्रश्नच उरला नाही. 2006 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने दाखवले की टेक्सासच्या भात पिकवणाऱ्या भागात जमिनीचे तुकडे पाडून बंगले बांधले, अंगणात घोडा ठेवला, तरी पूर्वीच्या भाताचा पैसा येत राहतो. तिथले लोक अशा प्लॉटांना गमतीने 'काउबॉय स्टार्टर किट' म्हणत. तोवर एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने माहितीच्या हक्काने नोंदी मिळवून काउंटीवार, नावानिशी आकडे खुले केले होते. शेजाऱ्याला किती मिळाले हे घरबसल्या कळू लागले आणि कमिटीच्या बंद खोलीतली निम्मी गुपिते संपली.

कापसाच्या अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि जिंकले. अमेरिकेने योजना लगेच बदलल्या नाहीत. 2010 मध्ये ब्राझीलच्या कापूसवाल्यांना वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि 2014 मध्ये 30 कोटींवर तडजोड केली. आपले अनुदान चालू ठेवण्यासाठी दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यालाही अनुदान! विदर्भात हे आकडे सभांमधून सांगितले जात. शरद जोशी त्या काळात 'उणे सबसिडी'चा मुद्दा मांडत होते : अमेरिका शेतकऱ्याच्या खिशात घालते, भारत सरकार निर्यातबंदी आणि लेव्हीतून काढून घेते. त्यांची मागणी अमेरिकेसारखा चेक द्या अशी नव्हती, हे त्यांचे नाव घेणारे बऱ्याचदा विसरतात.

2014 च्या कायद्याने थेट चेक बंद केले आणि दोन नव्या योजना आणल्या. त्यांतल्या एकीत काउंटीचे सरासरी उत्पन्न पडले तरच भरपाई. त्यामुळे काउंटीची हद्द दोन शेतांच्या मधून जात असेल तर बांधाच्या अलीकडे पैसा, पलीकडे नाही, असे घडू लागले. 2018 मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटले, आणि 2019 च्या नुकसानभरपाईचा दरसुद्धा काउंटीवर ठरला : एकरी 15 डॉलरपासून 150 डॉलरपर्यंत. कचेरीतल्या बायाबापड्यांना तो फरक समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले असतील. त्याच वर्षाच्या सुरुवातीला 35 दिवसांच्या सरकारी टाळेबंदीत या कचेऱ्यांना कुलूप होते. मधे थोडे दिवस काही कचेऱ्या उघडल्या त्या शेतकऱ्यांच्या कर्जाची आणि कराची कागदे अडली होती म्हणून.

आपल्याकडे 2019 पासून पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये येतात, 2023 पासून राज्याचे नमो शेतकरी योजनेचे तेवढेच. कमिटी नाही, टेबल नाही. आधारला जोडलेल्या खात्यात पैसे थेट पडतात. पण नाव सातबाऱ्यावर हवे. मराठवाड्यात बटईने कसणारा, विदर्भात ठेक्याने जमीन घेणारा यात बसत नाही. 1934 च्या साडेचार सेंटांपैकी अर्धा सेंट निदान वाटेकऱ्याच्या नावे लिहिलेला तरी होता.

तिकडे जुलै 2025 मध्ये नवा कायदा झाला. माणशी मर्यादा 1 लाख 25 हजारांवरून 1 लाख 55 हजार डॉलर झाली आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढत जाईल. काही प्रकारच्या कंपन्यांना आता एकच मर्यादा लागू नाही, भागीदार मोजून ती गुणली जाईल. शिवाय देशभरात 3 कोटी एकर नवा बेस मंजूर झाला. तो कुठल्या शेताला किती, हे अलीकडच्या पेऱ्यांच्या नोंदींवरून ठरायचे आहे, म्हणजे त्या 578 नंबरच्या फॉर्मांवरून. एकदा लागला की बेस जमिनीबरोबर जातो. खंड ठरवताना मालक तो हिशेबात धरतो, जमीन विकताना दलाल जाहिरातीत लिहितो, आणि खंडाने कसणारा वर्षअखेरीला आलेल्या चेकमधून वाढीव खंड भरतो.